कोऱ्या प्लेटवरचा अंगठा

ओला कागद कचेरीत स्वीकारला जात नाही. असा नियम कोणत्याही परिपत्रकात छापलेला मला आढळलेला नाही. परंतु शाई फुटलेला, कोर्ट-फी तिकीट सरकलेला, कडेला घामाचा डाग पडलेला अर्ज खिडकीतला कारकून दोन बोटांत धरतो आणि मेलेल्या पालीसारखा बाहेर सरकवतो, हे मी नांदेडच्या कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली लोकांचे अर्ज लिहून देत सव्वीस वर्षे पाहत आलो आहे. सबब माझ्या टेबलावरून कोणताही कागद तीन क्रिया पूर्ण झाल्याशिवाय उठत नाही. पहिली, अंगठा जिभेला लावून पाने मोजणे. दुसरी, सहीवर आणि तिकिटावर फुंकर घालणे. तिसरी, वाळले की नाही ते त्याच अंगठ्याने हलकेच दाबून पाहणे. या पद्धतीमुळे माझा एकही अर्ज ओलेपणाच्या कारणास्तव परत आलेला नाही. याच पद्धतीमुळे माझ्या एकुलत्या एका लेकीची नोकरी हातची जाण्याची वेळ आली. ते कसे घडले ते क्रमवार नमूद करतो.

माझे शिक्षण नववी पूर्ण व दहावी अंशतः. अंशतः म्हणजे मराठी आणि इतिहास या विषयांनी माझ्या बाजूने कौल दिला. गणित व विज्ञान यांनी प्रतिकूल अभिप्राय नोंदवला. तथापि मसुद्याच्या बाबतीत माझा शब्द आवारात अंतिम मानला जातो. दोन वकील माझ्याकडून मजकूर तपासून घेत असत. त्यांपैकी एक अद्याप हयात आहेत.

लेक लातूरला वसतिगृहात राहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिचे हे शेवटचे वर्ष. लातूरकडच्या एका दूध डेअरीच्या तपासणी प्रयोगशाळेत तिला जागा कबूल झाली होती, मात्र याच वर्षी पदवी हाती आली तरच. पदवीसाठी एक प्रकल्प सादर करायचा होता. प्रकल्प नाकारला तर वर्ष गेले, आणि वर्ष गेले तर ती जागा यादीतल्या पुढच्या नावाला. इतके सरळ ते होते.

प्रकल्पाचा विषय असा की, माणसांच्या वर्दळीच्या ठिकाणी हवेत कोणते जंतू असतात. त्यासाठी ती एका रविवारी दुपारी थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन लातूर-नांदेड बसने आली. वाहकाने डबा वर टाकायला सांगितला तेव्हा तिने नकार दिला म्हणे, आणि अहमदपूरपासून लोह्यापर्यंत शेजारच्या बाईला वाटत राहिले की आत कोणाच्या तरी अस्थी आहेत. डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये झाकणाच्या चपट्या गोल बश्या होत्या. त्यांना ती प्लेट म्हणे. प्रत्येकीत पिवळसर, थलथलीत असे काही घट्ट बसवलेले होते.

माझ्या पत्नीने एक प्लेट उजेडात धरली. "अगं, हे तर चायना ग्रास हाय. गोड केलंस का न्हाई?"

"आई, खाली ठेव! हाव, तेच हाय. त्याच्यात जंतूंसाठी सूप घातलंय."

"जंतूंसाठी सूप. आन् घरी आल्यावर माणसांसाठी वरण बी टाकत न्हाईस."

जेवताना लेकीने त्या चायना ग्रासची हकिकत सांगितली. जर्मनीतले एक डॉक्टर उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर जंतू वाढवत असत. पुढे त्यांनी जिलेटिन वापरले, पण उन्हाळा लागला की ते वितळे आणि सगळे जंतू एकमेकांत मिसळत. तेव्हा त्यांच्या हाताखालच्या एका संशोधकाच्या पत्नीने सांगितले की, माझा मुरंबा उन्हाळ्यातही घट्ट राहतो. मी त्यात समुद्रातल्या शेवाळाची जेली घालते, तीच तुम्ही घ्या. तेव्हापासून साऱ्या जगाच्या प्रयोगशाळा त्या बाईच्या फडताळातल्या वस्तूवर चालतात.

"आन् नाव कोनाचं झालं?" पत्नीने विचारले.

"डॉक्टरांचं."

"मग," असे म्हणून तिने माझ्या ताटात भाकरी जरा जोराने वाढली. त्या डॉक्टरांशी माझा काहीही संबंध नव्हता.

मला स्वतःला हॉलंडच्या कापड व्यापाऱ्याची हकिकत अधिक मोलाची वाटली. हा गृहस्थ कापडाचे धागे तपासण्यासाठी भिंग वापरी. पुढे तो स्वतःच भिंगे घासू लागला आणि एके दिवशी आपल्या दातांवरचा मळ त्याखाली ठेवून पाहतो तो काय, आत जिवंत प्राणी पोहत आहेत! त्याला विद्वानांची लॅटिन भाषा येत नव्हती. शिक्षण बेताचेच. त्याने काय करावे? त्याने लंडनच्या विद्वानांच्या मंडळाला आपल्या साध्या बोलीत पत्रे लिहिली. एक नव्हे, आयुष्यभर लिहिली. विश्वास बसेना तेव्हा गावातल्या प्रतिष्ठित माणसांना भिंगातून दाखवून त्यांच्या साक्षी जोडल्या.

"म्हणजे अर्ज आणि सोबत पंचनामा," मी म्हणालो.

"तसंच समजा, बाबा."

"म्हणजे तुमच्या या शास्त्राची सुरुवात एका अर्धवट शिकलेल्या अर्जदाराने केली."

लेकीने आईकडे पाहिले. आईने वरणाकडे पाहिले. मी मात्र त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

लेकीची तिसरी हकिकत अशी की, फ्रान्समधल्या एका गृहस्थाने हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेल्या चंबूत सूप उकळून ठेवले. हवा आत जाई, पण धूळ वळणात अडके. सूप नासले नाही. चंबू तिरपा करून सूप त्या वळणापर्यंत नेले मात्र, ते नासले. म्हणजे जंतू सुपातून आपोआप उपजत नाहीत, बाहेरून येतात. "हाच माझ्या प्रकल्पाचा पाया हाय," लेक म्हणाली. "सूप चायना ग्राससकट मोठ्या कुकरमध्ये वाफेच्या दाबाखाली ठेवलं, सगळं मेलं. मग ज्योतीच्या शेजारी उभं राहून प्लेटीत ओतलं, म्हंजे वरून काही पडू नये. आता याच्यात जे उगवंल ते बाहेरचं." मी मान डोलावली. मला वाटले मला समजले आहे. माझ्या आजवरच्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी या वाटण्यातून निर्माण झालेल्या आहेत.

सोमवारी सकाळी ती कचेरीसमोर आली. योजना अशी होती की कचेरीचे फाटक, चहाची टपरी, माझे टेबल, बसस्थानक, गोदावरीचा घाट आणि आमचे स्वयंपाकघर या ठिकाणी एकेक प्लेट पंधरा मिनिटे उघडी ठेवायची. हवेतून जे पडेल ते पडेल. मग झाकण लावायचे आणि लातूरला नेऊन उबदार पेटीत ठेवायचे. एक-दोन दिवसांत प्रत्येक जंतूच्या जागी त्याचा एक ठिपका उगवतो. त्याला वसाहत म्हणतात.

टपरीवर पहिलीच अडचण आली. टपरीवाल्याने प्लेटभोवती पाण्याचा सडा टाकला, दोन उदबत्त्या लावल्या, गिऱ्हाइकांना लांब पिटाळले आणि प्लेटवर चहाची धुतलेली गाळणी उपडी घातली.

"दादा, हे काय केलं?" लेक ओरडली. "हवा पडली पायजे त्याच्यात!"

"हवा साफ करून द्यायलो की, ताई. उद्या कागदावर आलं, अमक्याच्या टपरीत इतके जंतू, मग माझा चहा कोन पिईल? वकीलसाब, सांगा ना पोरीला."

आवारात मला वकीलसाब म्हणतात. काही जण आदराने म्हणतात. शेवटी कागदावर टपरीचा उल्लेख 'ठिकाण क्रमांक दोन' असा होईल, असे मी तोंडी आश्वासन दिले तेव्हा कुठे गाळणी उठली.

माझ्या टेबलावरची प्लेट उघडताना लेकीने मला ताकीद दिली. "याच्यावर बोलायचं न्हाई. खोकायचं न्हाई. हात फिरवायचा न्हाई."

शेजारच्या टेबलावरचे अर्जनवीस वयाने माझ्याहून मोठे आणि जिभेने धारदार आहेत. ते म्हणाले, "वकीलसाबला पंधरा मिनटं गप बसवणारी चीज निघाली म्हणायची. बेटी, अशीच एक कायमची ठेवून जा."

मी त्यांना उत्तर दिले नाही, कारण मनाई होती. त्या पंधरा मिनिटांत बिलोलीहून एक म्हातारी शिधापत्रिकेवरचे नाव दुरुस्त करायला आली. माझ्यासमोर बशी, मी तोंड घट्ट मिटून बसलेलो. ती बराच वेळ पाहत राहिली.

"दादा, आज उपास हाय का तुमचा?"

शेजाऱ्यांनी परस्पर खुलासा केला, "मावशी, ते हवेतले जंतू मोजून राहिले."

"आगं माय! त्यांचं बी कार्ड काढून राहिले का? आमचंच अजून निघंना, आन् जंतू नंबरात पुढं!"

आता मुख्य मुद्दा. माझ्या उघड्या प्लेटशेजारी लेकीने आणखी एक प्लेट ठेवली होती. ती बंद होती आणि उपडी ठेवलेली होती. लेकीला बसस्थानकाच्या प्लेटसाठी ऑटोने जायचे होते. जाता जाता ती म्हणाली, "बाबा, पंधरा मिनिटं झाली की उघड्या प्लेटचं झाकण लावा. बंद प्लेटला हात लावू नका." आणि ऑटोत बसून गेली.

हात लावू नका, हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा ऐकतो आणि वीस वेळा स्वतः म्हणतो. त्याचा अर्थ 'जपून हाताळा' असा होतो, असे माझे अनुभवावर आधारलेले मत होते. मी ठरलेल्या वेळी उघड्या प्लेटचे झाकण बिनचूक लावले. मग माझी नजर बंद प्लेटकडे गेली. ती उलटी ठेवली होती, ही मला घाईत झालेली चूक वाटली. मी ती सुलट केली. पाहतो तो झाकणाला आतून पाण्याचे थेंब जमलेले. बर्फाच्या डब्यातून उन्हाच्या झळीत आल्यावर जमतात तसे. म्हणजे दस्तऐवज ओला! माझ्या टेबलावर, माझ्या देखत, माझ्या पोटच्या पोरीचा दस्तऐवज ओला, आणि तो उद्या लातूरच्या खिडकीतून परत येणार.

पुढचे सर्व इतक्या सवयीने झाले की, त्यात माझा विचार कोठेही गुंतलेला नव्हता. मी अंगठा जिभेला लावला. झाकण उचलले. थेंबांवर फुंकर घातली. खालच्या जेलीवरही घातली, चांगली लांब, पोटापासून. राहिलेले थेंब अंगठ्याने पुसले. मग आतला भाग वाळला का, हे त्याच अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले, झाकण लावले, आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने बिलोलीच्या मावशींचा अर्ज हाती घेतला.

लेक परत आली, प्लेटींना चिकटपट्टी लावली, मला नमस्कार केला आणि घाट व स्वयंपाकघर आटोपून दुपारच्या बसने लातूरला गेली. मी त्या दिवशी पत्नीला सांगितले की प्रकल्पात माझाही थोडा हातभार लागला आहे. याहून अचूक वाक्य मी आयुष्यात उच्चारलेले नाही.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"बाबा, सगळं गेलं. त्या बंद कंट्रोल प्लेटवर उगवलंय."

"उगवले तर चांगलेच की. त्यासाठीच तर..."

"कंट्रोलवर काहीच उगवायला नको होतं, बाबा! ती कोरी राहायला पायजे. ती कोरी राहिली तरच म्हणता येतं की बाकीच्या प्लेटींवरचे जंतू हवेतले हायत, माझ्या सुपातले न्हाईत. आता मॅडम म्हणतात, तुझा कुकर नीट चालला नसंल, तुझं माध्यमच खराब. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार हायत. प्रकल्प टिकत न्हाई म्हणाल्या. मी काय चुकले तेच कळंना."

मी विचारले, "किती उगवले आहे?"

"सगळ्यांत जास्त. बसस्थानकापेक्षा जास्त."

तिने मोबाइलवर छायाचित्र पाठवले. मी चष्मा लावला. प्लेटभर पांढरे आणि पिवळे ठिपके फुटलेले होते, आणि मधोमध ठिपक्यांचा दाट असा लांबट गोल उमटला होता. त्या गोलाला आडवी छेदणारी एक कोरी फट होती.

इतरांसाठी तो डाग असेल. माणसांचे अंगठे कागदावर उमटवण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. नांदेड तालुक्यातले अंगठे मी चेहऱ्यांपेक्षा चांगले ओळखतो. तो उजव्या हाताचा अंगठा होता, आणि ती फट म्हणजे फायली शिवताना दाभण घुसून पडलेला व्रण होता. मी मोबाइलशेजारी स्वतःचा अंगठा धरला. मग मोबाइल उपडा ठेवला.

पत्नीने मागून विचारले, "काय झालं? तुमचा चेहरा पांढरा का पडला?"

मी तिला सर्व सांगितले. ऐकताना तिचे ओठ हलत होते. ती हसू दाबत आहे की शिवी, याचा निर्णय मला करता आला नाही.

"मग सांगा की लेकीला. लावा फोन."

"फोनवरील कथन पुरावा होत नाही. मी लेखी देतो."

"अवो, पोरगी तिकडं रडून राहिली. 'म्या केलं' एवढंच तर म्हणायचं. त्याला कागद कशाला लागतो?"

परंतु मला लागला. गुरुवारचा पूर्ण दिवस त्यात गेला. पहिल्या मसुद्यात मी लिहिले, 'अज्ञात इसमाने'. दुसऱ्यात, 'हवामानाच्या प्रतिकूलतेमुळे'. तिसऱ्यात सर्व क्रियापदे अशी योजली होती की प्लेट स्वतःहून उघडल्याचे भासावे. शेजारच्या अर्जनविसांनी तो मसुदा वाचला आणि परत देत म्हणाले, "बढिया लिहिलंय. यात प्लेटला दोन वर्षांची सजा होईल." तेव्हा मला लाज वाटली. इतकी वर्षे मी लोकांना सांगत आलो की अर्जात पहिल्याच ओळीत काय झाले ते सांगा. मी ते सगळे कागद फाडले आणि शेवटचा मसुदा एका बैठकीत लिहिला.

शुक्रवारी सकाळच्या बसने लातूरला गेलो. महाविद्यालयाच्या त्या विभागात शिरताच कुकरची वाफ, स्पिरिट आणि नासलेल्या डाळीचा मिळून एक वास येतो. तो मला पुढे आवडू लागला. विभागप्रमुख मॅडम चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर ढकललेल्या. लेक त्यांच्या टेबलाजवळ उभी होती. मला पाहून ती घाबरली. तिला वाटले आईला काही झाले.

"बसा काका," मॅडम म्हणाल्या.

मी बसलो नाही. उभ्यानेच वाचले: "मी खाली सही करणार, धंदा अर्जलेखन, राहणार नांदेड, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर प्लेट मी उघडली. सदर प्लेटवरील वाढ ही माझ्या जिभेची, माझ्या फुंकरीची व माझ्या उजव्या अंगठ्याची असून, माझ्या लेकीचा, तिच्या कुकरचा अथवा तिच्या सुपाचा त्यात कोणताही दोष नाही."

मॅडमनी चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला.

लेक हळूच म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत हाय?"

"छायाचित्र पाहिल्यापासून."

"बुधवारपासून? मी कुकरची रिंग तीनदा काढून बघितली, बाबा. सगळ्यांसमोर. मुली म्हणाल्या हिला सूप बी उकळता येत न्हाई. आन् तुम्ही दोन दिवस अर्ज लिहून राहिले?"

मी कागद मॅडमपुढे धरला. मॅडमनी कागद घेतला, पूर्ण वाचला. "काका, मसुदा फार सुंदर आहे. पण परीक्षक म्हणतील की वडील मुलीसाठी काहीही लिहून देतील. जंतूंनी यावर सही केलेली नाही. त्यांची साक्ष काढावी लागेल." मग लेकीकडे वळून, "त्याच दिवशी ओतलेल्या प्लेट्स उरल्यात का?"

"दोन हायत, मॅडम. फ्रिजमध्ये."

मग जे झाले त्याला मी पंचनामाच म्हणेन. दोन प्लेटींपैकी एक न उघडता तशीच उबदार पेटीत ठेवायची. दुसरीवर मी नांदेडला जे केले ते जसेच्या तसे करायचे. कुकर खराब असेल तर दोन्ही प्लेटी भरतील. मी खराब असेन तर एकच. हे मला एका दमात समजले, आणि विज्ञानाने दहावीत मला उगाच नापास केले असे वाटले.

परंतु ऐन वेळी मला ते जमेना. सहा विद्यार्थिनी वह्या घेऊन भोवती उभ्या. मी जीभ बाहेर काढली आणि ती तशीच राहिली. फुंकर घातली ती वाढदिवसाच्या मेणबत्तीवर घालावी तशी. "काका, असं नाही, नेहमीसारखं करा," मॅडम म्हणाल्या. शेवटी त्यांनी माझ्यापुढे रजेचा एक जुना अर्ज ठेवला आणि त्यातल्या चुका विचारल्या. पहिल्याच ओळीत तीन होत्या. मी संतापून पाने उलटली, फुंकर घातली, अंगठा दाबला, आणि चौथी चूक सांगता सांगता लक्षात आले की मधल्या मध्ये लेकीने प्लेट सरकवली होती आणि अंगठा तिच्यावर पडला होता.

जुन्या प्लेटवरच्या जंतूंची ओळखही पटवायची होती. लेकीने तारेचे बारीक कडे ज्योतीत लाल होईपर्यंत धरले, थंड होऊ दिले, अंगठ्याच्या ठशातून कणभर उचलले आणि नव्या प्लेटवर रेघा ओढल्या. कडे पुन्हा तापवले, पहिल्या रेघांच्या टोकापासून दुसऱ्या ओढल्या, पुन्हा तापवून तिसऱ्या. दर खेपेला जंतू कमी होत जातात आणि शेवटच्या रेघेत एकेक जण सुटा पडतो. गर्दीतून एकेकाला वेगळे बोलावून जबाब घेण्याचाच हा प्रकार. तिची एकही रेघ वाकडी गेली नाही. माझ्यावर ती अजून रागावलेली होती. पण हाताला ते माहीत नव्हते.

मग काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात कण पसरवून तिने तो वाळवला. मी नकळत ओठांचा चंबू केला, तेव्हा एका विद्यार्थिनीने माझ्या तोंडापुढे वही धरली. काचपट्टी ज्योतीवरून फिरवली, मग जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिटची धुलाई आणि शेवटी गुलाबी रंग. स्पिरिटने ज्यांचा जांभळा रंग निघत नाही ते एका जातीचे, निघून जे गुलाबी होतात ते दुसऱ्या. सूक्ष्मदर्शकात मला प्रथम माझ्याच पापण्या दिसल्या आणि मी त्यांचे सविस्तर वर्णन केले. मॅडमनी चाक फिरवले. मग एकाएकी जांभळ्या गोळ्यांचे घोस दिसले, द्राक्षांच्या घडांसारखे.

"हा मी?" मी विचारले.

"तुम्ही न्हाई. तुमचे भाडेकरू," लेक म्हणाली. बुधवारनंतर ती पहिल्यांदा हसली असावी; मी भिंगात असल्याने पाहू शकलो नाही.

लातुरात मेव्हण्याकडे उतरलो. शनिवारी दुपारी प्लेटी निघाल्या. न उघडलेली स्वच्छ, आरशासारखी. माझ्या प्लेटवर पुन्हा तोच लांबट गोल, तीच आडवी फट, आणि त्यातल्या ठिपक्यांचे सूक्ष्मदर्शकात तेच जांभळे घोस. कुकर निर्दोष सुटला. परंतु परीक्षक हे मान्य करतील की प्रकल्पच फेटाळतील, हे मॅडमनाही सांगता येईना. मी सोमवारपर्यंत थांबलो. मेव्हण्याने रविवारी दोनदा, कसलाही आग्रह न करता, बसचे वेळापत्रक मोठ्याने वाचले.

सोमवारी मी व्हरांड्यात बाकावर बसलो. दार अर्धे उघडे होते. परीक्षकांचा आवाज आला, "ही कंट्रोल प्लेट इतकी भरलेली कशी? कोणी बिघडवली?"

मी सावरून बसलो. आता माझा उल्लेख येणार होता.

"सर, चूक माझी आहे," लेक म्हणाली. "मी प्लेट दुसऱ्याच्या टेबलावर सोडून गेले. हात लावू नका म्हणाले, का लावू नका ते सांगितलं नाही. ज्यांच्या हाती दिली त्यांचं काम ओले कागद वाळवायचं होतं. त्यांनी त्यांचं काम केलं. माझं काम मी केलं नव्हतं." मग तिने दुसरी कोरी प्लेट, ठसा, रेघांची प्लेट, काचपट्टी, असे एकेक पुढे ठेवत सांगितले की बिघाड कोठून आला, हे तिने कसे शोधले.

मी उठून दाराकडे निघालो. शिपायाने हात आडवा केला.

"काका, बसा. आत परीक्षा हाय."

"आत चुकीचे कथन चालू आहे. दोष माझा आहे आणि तो माझ्या नावावर नोंदला जात नाही. मला हरकत नोंदवायची आहे."

"लोक नाव काढायला येतेत," शिपाई म्हणाला. "घाला म्हणून आलेले तुमीच पहिले."

थोड्या वेळाने परीक्षक स्वतः बाहेर आले. पांढऱ्या केसांचे, उंच. त्यांनी माझा उजवा हात मागितला, अंगठा उजेडाकडे वळवून व्रण पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "साबणाने हात धूत चला." मग चहाला निघून गेले. यावरून काय निष्कर्ष काढावा, हे मला परतीच्या प्रवासात लोहा येईपर्यंत ठरवता आले नाही.

निकाल लागला. लेक उत्तीर्ण झाली, आणि डेअरीने तिला रुजू व्हायला बोलावले. रुजू होण्याआधी ती घरी आली तेव्हा प्रकल्पाची बांधीव प्रत सोबत होती. मी ती पहिल्या पानापासून वाचली. 'त्रुटी' या मथळ्याखाली लिहिले होते: 'नियंत्रण प्लेट हाताळणाऱ्या व्यक्तीस तिचे प्रयोजन समजावून सांगण्यात विद्यार्थिनी कमी पडली.'

"हे बरोबर नाही," मी म्हणालो. "सांगितले असते तरी मी उघडलीच असती."

"माहीत हाय मला."

"मग दुरुस्ती कर. माझे नाव घाल. मी खाली सही करतो." मी पेन काढले.

तिने प्रत माझ्या हातातून घेतली, शेवटचे पान उघडून दाखवले. "इथं बघा. इथं फक्त विद्यार्थ्याची सही असते, बाबा."

मी ते पान दोनदा वाचले. मसुद्यात उणीव काढण्यासारखे काही नव्हते. मी पेनाला टोपण लावले.